आधी आधार, मग कला

भावा, तू लोगो करतोस, पत्रिका करतोस, तालमीच्या डिजिटल फलकावर बत्तीस कार्यकर्त्यांची मुंडकी एका मापात बसवतोस. त्यातली निम्मी व्हॉट्सअ‍ॅपवरनं आलेली, दोन तर थेट आधार कार्डावरनं कापलेली. तरी पाव्हण्यांनी 'पोरगं काय करतंय?' विचारलं की आई 'कॉम्प्युटरवर असतंय' म्हणते आणि भडंगाची ताटली पुढं सरकवते. तेव्हा आता लाजायचं नाही. रीतसर नोंदणी करून टाक.

लहान धंद्यांची सरकारी उद्यम नोंदणी १ जुलै २०२० पासून चालू आहे, ऑनलाइन आहे आणि फुकट आहे. यातलं शेवटचं मनावर घेऊ नकोस. फुकटच्या कागदाला घरात मान नसतो. गुगलवर जी जाहिरात सगळ्यात वर दिसेल, जिच्यावर तिरंगा जरा जास्तच फडकत असेल, तिथं म्हणतील तेवढी फी भर. तेही सरकारी साइटवर तुझाच आधार टाकणार आणि ओटीपी तुलाच मागणार, पण पैसे गेले की काम झाल्यासारखं वाटतं.

नाव आधारवर आणि पॅनवर सारखंच पाहिजे. सिनेमावाले बाबूराव पेंटर सुटले बघ! मूळचं आडनाव मेस्त्री, कामावरनं पेंटर पडलं. त्या माणसानं मूकपटाच्या जमान्यात आपल्या कोल्हापुरात देशी कॅमेरा बनवला. आज 'नाव जुळत नाही' या लाल ओळीपुढं बसले असते, आणि त्यांची महाराष्ट्र फिल्म कंपनी आधार केंद्राच्या रांगेतच निघाली असती.

मग धंद्याचा कोड. सरकारी यादीत डिझाइन आणि फोटोग्राफी ७४ मध्ये, लगेच ७५ ला जनावरांचे डॉक्टर. चित्रकार, नट, गवई ९० मध्ये, ९१ ला ग्रंथालयं आणि ९२ ला जुगार. शेजार बघून घर निवड. वडलांना ९० आणि ९२ मधला फरक तसाही कधी पटलेला नाही.

पुढं 'कामगार किती?' पुरुष एक, असं लिही. रात्री दोनला चहा करून देणारी आई यात धरत नाहीत. 'यंत्रसामग्री' या रकान्यात हप्त्यावरचा लॅपटॉप टाक. अडीच कोटींपर्यंत गुंतवणूक आणि दहा कोटींपर्यंत उलाढाल असली की तू 'सूक्ष्म'. नातेवाईक इतकी वर्षं हेच सांगत होते, आता क्यूआर कोडसकट मिळालं.

जीएसटीची काळजी सोड. सेवेला वर्षाला २० लाखांच्या वर गेलं तरच लागतो, म्हणजे तुझं म्हातारपण सुखात जाईल. फक्त पुण्याची कंपनी 'जीएसटी नंबर नाही?' असं विचारते, तेव्हा जात विचारल्यासारखं तोंड करू नकोस. बँकेत चालू खातं उघडायला गेलास की 'गुमास्ता आणा' म्हणतील, म्हणजे दुकानाचा परवाना. वीसपेक्षा कमी माणसं असतील तर २०१७ च्या कायद्यानं नुसती सूचना देऊन तिची पावती मिळते, हे तू काउंटरवर सांगशील. साहेब जेवायला गेलेले असतील.

आता खरा फायदा. नोंदणी असली की गिऱ्हाइकानं लेखी ठरलं असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नाहीतर १५ दिवसांत पैसे द्यायचे. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही दर महिन्याला चक्रवाढ. कायदाच आहे, २००६ चा. महाद्वार रोडच्या ज्या दुकानदाराकडं तुझे दिवाळीपासून पैसे अडकलेत, त्याला हे कलम बिलावर छापून पाठव. तो तुझ्या मामाचा वर्गमित्र आहे, मामाचा फोन त्याच संध्याकाळी येईल, तो उचलू नकोस. बिल मात्र झक्क कर. वर उद्यम क्रमांक, खाली व्याजाची ओळ, बारीक लाल अक्षरात.

चौथ्या दिवशी दुकानदाराचा व्हॉइस मेसेज येईल.

"बिल बघितलं रे. लई भारी केलंयस, मर्दा. आमचं लेटरहेड पण असंच करून दे की, दोन मिनिटांचं तर काम."