फ्लेक्स फाडून काय मिळालं?

काल रात्री तालमीच्या भिंतीवरचा फ्लेक्स कुणीतरी फाडला. आपल्या तालमीच्या टीमनं फुटबॉलची फायनल जिंकल्यावर आपणच वर्गणी काढून लावलेला, हलगी वाजवत, गुलाल उधळत. त्यातला एकच चेहरा ब्लेडनं कापून काढलाय, कारण एवढंच की यंदा नोंदणीला त्या पोरानं समोरच्या तालमीकडनं सही केली. सकाळी दूध आणायला गेलो तेव्हा त्याची आई त्या भिंतीसमोरनं खाली मान घालून चालली होती. तेव्हापासून डोकं जाग्यावर नाही म्हणून लिहितोय, लांबलंय, पण वाचा.

आधीच सांगतो, मलापण राग आलाय. "खेळ हा धंदा आहे, पैसा मिळेल तिकडं प्लेअर जाणार, एवढं काय मनाला लावून घ्यायचं" असं सांगणारी माणसं मला पटत नाहीत. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमच्या गॅलरीत उन्हात बसून ज्यानं घसा फोडून घेतलाय त्याला लागणारच. पेठ म्हणजे नुसता पत्ता नसतो आपल्याकडं.

आणि हे दुखणं मला पहिल्यांदा लागलं ते आपल्या पेठेतनं नाही, लंडनमधनं. जुनी पोरं ओळखतात, मी आर्सेनल क्लबचा फॅन. माझ्याकडं दहा नंबरची जर्सी होती, पाठीवर व्हॅन पर्सी. पहिल्या पगारातनं घेतलेली, आईला सांगितलेली किंमत निम्मी होती.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. रॉबिन व्हॅन पर्सी २००४ ला फायनोर्डकडनं आर्सेनलला आला, आठ वर्षं खेळला, २७८ मॅच, १३२ गोल. आकडा भारी वाटतो, पण त्या आठ वर्षांतली किती वर्षं तो दवाखान्यात होता ते आम्हाला विचारा. नोव्हेंबर २००९ मध्ये हॉलंडकडनं एका फ्रेंडली मॅचमध्ये घोटा गेला, पाच महिने बाहेर. दर सीझनला हेच, फॉर्मात आला की काहीतरी मोडायचं आणि आम्ही वाट बघायचो. क्लबनं पण बघितली, त्याला सोडलं नाही, मॅनेजर वेंगरनं त्याच्यावरचा विश्वास सोडला नाही. मग २०११ च्या ऑगस्टमध्ये फॅब्रेगास बार्सिलोनाला गेला, नासरी मँचेस्टर सिटीला गेला, त्याच महिन्यात ओल्ड ट्रॅफर्डवर मँचेस्टर युनायटेडकडनं ८-२ नं हरलो. आणि तिथनं पुढं कॅप्टन व्हॅन पर्सीनं एकट्यानं गाडा ओढला. लीगच्या सगळ्याच्या सगळ्या ३८ मॅच खेळला, ३० गोल मारले, चेल्सीला त्यांच्या घरात ५-३ नं हरवलं तेव्हा हॅटट्रिक मारली. ८-२ वरनं आम्ही सीझनच्या शेवटी तिसरे आलो राव.

आणि ४ जुलै २०१२ ला त्यानं स्वतःच्या वेबसाईटवर टाकलं की कॉन्ट्रॅक्ट वाढवणार नाही, क्लबनं पुढं कसं जायचं याबद्दल माझं पटत नाही. ऑगस्टमध्ये युनायटेडला गेला. २४ मिलियन पौंडाला. युनायटेडला! २००५ च्या एफए कप फायनलमध्ये ज्यांच्याविरुद्ध शूटआउटमध्ये यानं पण पेनल्टी मारली आणि आम्ही कप जिंकला, त्या युनायटेडला.

मी तीन दिवस कुणाशी धड बोललो नाही. घरातल्यांना वाटलं कॉलेजमध्ये काहीतरी झालं असेल.

पहिल्याच सीझनमध्ये युनायटेडनं लीग मारली. २२ एप्रिल २०१३, ॲस्टन व्हिलाविरुद्ध याची हॅटट्रिक आणि त्याच मॅचला टायटल पक्कं, त्यातला दुसरा गोल रुनीच्या लांब बॉलवर व्हॉली, मी बघत होतो आणि माझे पाय उठत होते खुर्चीतनं, मी त्यांना खाली दाबत होतो. सहा दिवसांनी युनायटेड एमिरेट्सवर, म्हणजे आमच्या मैदानावर आलं. आणि रिवाज म्हणून आर्सेनलच्या पोरांनी दोन रांगा करून टाळ्या वाजवत त्यांना मैदानात घेतलं, त्यांच्यातनं हा चालत आला. आख्खं स्टेडियम हुर्यो करत होतं. आणि हाफटाइमच्या तोंडावर पेनल्टी मिळाली, ती पण यानंच मारली, १-१.

त्या रात्री मला जे कळलं ते आज सांगतो. तो गेला म्हणून मला जेवढं दुखलं नव्हतं तेवढं त्याचं म्हणणं बरोबर ठरलं म्हणून दुखलं. त्याच्या म्हणण्याचा मी लावलेला अर्थ एवढाच की इथं राहून लीग जिंकता येणार नाही, आणि ते खरं होतं. आम्ही २००४ नंतर लीग जिंकलेली नव्हती, नवीन स्टेडियमचं कर्ज फेडताना वर्षावर्षाला चांगला प्लेअर विकत होतो, कोल गेला, आदेबायोर गेला, फॅब्रेगास गेला, आणि वर्षभरच कॉन्ट्रॅक्ट उरलेल्या कॅप्टनला कुणी विकलं, तर क्लबनंच विकलं, आपल्या सगळ्यात जुन्या दुश्मनांपैकी एकाला. त्या व्यवहारावर दोन बाजूंच्या सह्या होत्या. शिव्या मात्र एकाच्याच नावानं गेल्या. त्याचा चेहरा माझ्या पाठीवर होता म्हणून असेल, बोर्डातल्या माणसांचे चेहरे कुणाच्या जर्सीवर नसतात.

याचा अर्थ मी त्याला माफ केलं असं नाही. आजही नाही. आम्ही सात वर्षं त्याच्या दुखऱ्या पायाची वाट बघितली आणि पहिलं आख्खं वर्ष खेळला त्याच वर्षी निघून गेला, हा हिशोब माझ्या मनात मिटलेला नाही आणि मिटवायचा पण नाही मला. पण २०१४ च्या वर्ल्डकपला मध्यरात्री स्पेनविरुद्ध त्यानं हवेत आडवं होऊन हेडर मारला ना, तेव्हा मी ओरडलो. आख्खी गल्ली जागी झाली होती. एवढंच.

आता दुसरी बाजू. आम्ही आर्सेनलवाले सोल कॅम्पबेलबद्दल छाती फुगवून बोलतो. तो कोण, तर टॉटनहॅमचा कॅप्टन. त्यांच्याच ज्युनियर टीममधनं वर आलेला. २००१ ला कॉन्ट्रॅक्ट संपवून, टॉटनहॅमला एक रुपया न मिळता सरळ आमच्याकडं आला, म्हणजे आपल्या भाषेत समोरच्या तालमीत. टॉटनहॅमवाल्यांनी त्याला येशूला धरून देणाऱ्या ज्युडासचं नाव दिलं, पहिल्यांदा तिथं खेळायला गेला तेव्हा आख्ख्या मॅचभर सहन केलं त्यानं. आणि २००४ ला आम्ही एकही मॅच न हरता जी लीग जिंकली, ती पक्की झाली कुठं माहिताय? टॉटनहॅमच्याच मैदानावर, आणि त्या टीममध्ये कॅम्पबेल होता. हे सांगताना आजही माझ्या अंगावर काटा येतो. मग मला सांगा, आपल्याकडं आला तर हिंमतवाला आणि आपल्याकडनं गेला तर गद्दार, हे एकाच तोंडानं कसं बोलायचं?

फिगोचं तर माहितीच असेल, २००० ला बार्सिलोनाकडनं रियाल माद्रिदला गेला, दोन वर्षांनी बार्सिलोनाच्या मैदानावर कॉर्नर मारायला गेला तर वरनं बाटल्या काय, डुकराचं मुंडकं काय. मॅच थांबवावी लागली. लोक ते किस्सा म्हणून हसत सांगतात. मला हसू येत नाही. परवाचं म्हणाल तर ११ मे २०२५, आमचीच लिव्हरपूलशी मॅच होती म्हणून मी रात्री लावून बसलो होतो, त्यांचा ट्रेंट अलेक्झांडर-अर्नोल्ड सेकंड हाफला आत आला आणि ॲनफिल्ड, म्हणजे त्यांचंच स्टेडियम, त्याच्यावर हुर्यो करायला लागलं. लिव्हरपूलमध्येच जन्मलेला, सहा वर्षांचा असल्यापासून त्या क्लबात, बार्सिलोनाविरुद्धचा तो पटकन घेतलेला कॉर्नर ज्याचा, चॅम्पियन्स लीग आणि दोन लीग जिंकून दिलेला. क्लब सोडतोय हे त्यानं जाहीर करून सहाच दिवस झाले होते, पुढं रियालला गेला. मी समोरच्या टीमचा असून मला ऐकवेना, आवाज बंद करून मॅच बघितली. त्यांचा राग मला समजतो, जवळपास फुकट गेला, क्लबला फारसं काही मिळालं नाही. पण त्याच पायांनी जिंकलेल्या लीगची मिरवणूक अजून निघायची होती.

आता खरं बोलतो, ज्यासाठी लिहायला बसलो.

आपल्याच पेठेत पंधराएक वर्षांपूर्वी एक फॉरवर्ड होता. नाव घेणार नाही, मोठ्या पोरांना कळेल. सेमीफायनलला त्याचा गुडघा गेला. ऑपरेशनला पैसे लागणार होते, तालमीनं बघू म्हणून सांगितलं आणि बघितलं नाही. वडील हमाली करायचे, त्यांनी पतसंस्थेतनं कर्ज काढलं. दीड वर्षानं तो उभा राहिला तेव्हा समोरच्या तालमीनं त्याला मानधन देतो म्हणून बोलावलं, तो गेला. आणि पहिल्या मॅचला आपल्या गॅलरीनं त्याच्या बापाचं नाव घेऊन घोषणा दिल्या. त्या घोषणा देणाऱ्यांत मी होतो. पुढच्या रांगेत होतो. त्याचे वडील त्याच गॅलरीत खाली बसले होते हे मला मॅच संपल्यावर कळलं, कारण ते नेहमी आपल्याच गॅलरीत बसायचे, पोरगा तिकडं गेला तरी त्यांना जागा बदलायची सुचली नव्हती. त्यानंतर ते स्टेडियमला आले नाहीत. दोन वर्षांनी वारले. मी मयताला गेलो होतो पण त्याच्यासमोर उभं राहायचं धाडस झालं नाही.

तेव्हा आपण कुणी तालमीच्या मीटिंगमध्ये उठून विचारलं नाही की ऑपरेशनचे पैसे का दिले नाहीत. गॅलरीत ओरडणं सोपं होतं.

आणि आता या पोराचं तरी काय वेगळं आहे? मागच्या सीझनचं त्याचं ठरलेलं मानधन पूर्ण मिळालं का, हे विचारलंय कुणी? मी काल दोघांना विचारलं, दोघांनी पण विषय बदलला. शूज त्यानं स्वतः घेतले होते हे मला माहीत आहे, कारण दुकानात माझ्यासोबत होता.

मॅचला हुर्यो करा. बॉल त्याच्या पायात आला की आख्खं स्टेडियम डोक्यावर घ्या, त्याला पण कळू दे की आपण त्याला विसरलेलो नाही, मी स्वतः करणार आहे, आणि त्यानं आपल्याविरुद्ध गोल मारला तर माझ्या घशाखाली घास उतरणार नाही त्या रात्री. ते नव्वद मिनिटांचं. पण आई, बाप, घर, दार, लहान बहिणीची शाळेची वाट, यात कुणी जायचं नाही. आणि रविवारी तालमीत मीटिंग आहे, तिथं मी मानधनाचा हिशोब मागणार आहे, माझ्या बाजूला कोण बसतंय बघतो.

फ्लेक्स मी सकाळीच उतरवून घरी आणलाय. मागनं चिकटपट्टी मारून चेहरा परत बसवलाय, जवळनं बघितलं तर चीर दिसते. त्यात आपले अकरा जण आहेत आणि तो कप आपणच जिंकलाय. संध्याकाळी परत लावायला शिडी लागेल, कुणाकडं असेल तर घेऊन या.