‘दोन दिवस सुट्टी काढली की झालं’ म्हणणाऱ्या वाचकांना

नमस्कार.

‘दिवाळीआधी एक खोली’ या माझ्या लेखावरची (वहीत कामं आणि तारखा लिहून एक खोली स्वतःच कशी रंगवायची, यावर तो होता) तुमची प्रतिक्रिया मी तीनदा वाचली आणि मगच उत्तर लिहायला बसले. बाकीच्यांना संदर्भ कळावा म्हणून ती थोडक्यात इथे देते. तुम्ही लिहिलंय, “घर रंगवायला कसली आली ध्येयं आणि तारखा? दोन दिवस सुट्टी काढायची, रोलर फिरवायचा, झालं. वहीत रकाने आखणं हे सगळं नाटक आहे.” पुढे तुमचे आणखी पाच मुद्दे आहेत. मी भिंतींचं माप काढताना दार-खिडकी वजा केली नाही, पुट्टीला (भिंत गुळगुळीत करणाऱ्या लेपाला) चाळीस किलो कशाला, वन आरकेत लहान मूल असताना तीन आठवडे पसारा कोण सहन करणार, भाडेकरूंनी काय करायचं, आणि लोक स्वतःच रंगवायला लागले तर रंगाऱ्यांनी खायचं काय.

माझं म्हणणं पटलं नाही, तर तसं लिहायला कोणालाच मनाई नाही. पण ‘नाटक’ हा शब्द पटला-न पटला याबद्दलचा नाही, तो माणसाच्या हेतूबद्दलचा आहे. ठाणे ते बदलापूर पट्ट्यातल्या जुन्या इमारतींतली छोटी घरं कमी पैशांत नीट करून देण्याचं काम मी सोळा वर्षं करते आहे. ते रकाने त्याच कामातून आले आहेत. समोरासमोर असता तर हा शब्द तुम्ही वापरला असता का, एवढं स्वतःला विचारा.

दार-खिडकीचं तुमचं बरोबर आहे. १० बाय १२ ची खोली, उंची १० फूट, म्हणजे चारी भिंती मिळून ४४० चौरस फूट. त्यातून दाराचे २१ आणि खिडकीचे १६ गेले की राहिले ४०३. मी ४४० धरले, चूक माझी. साध्या इमल्शनचा (पाण्यात मिसळणाऱ्या भिंतीच्या रंगाचा) एक लिटर दोन हातांना, म्हणजे दोन थरांना, साधारण ११० चौरस फूट जातो, तेव्हा फरक एक तृतीयांश लिटरचा पडतो आणि डबा दोन्ही हिशेबांत चार लिटरचाच लागतो. तरी माप ते माप, लेखात दुरुस्त केलं आहे.

आता ‘दोन दिवस’.

हे दोन दिवस तुम्ही माणसाच्या कष्टाचे मोजलेत. भिंतीला वाळायला लागणारा वेळ तुमच्या हिशेबात कुठेच नाही. एका खोलीचं हाताचं काम बेरीज केली तर खरंच अडीच-तीन दिवसांचं भरतं. उरलेला सगळा वेळ वाळण्याचा असतो आणि तिथे सुट्टी काढून काही उपयोग होत नाही.

खरवडण्यापासूनच बघा. आपल्याकडच्या जुन्या भिंतींवर बहुधा आधी चुना, त्यावर डिस्टेंपर, आणि कोणीतरी मध्येच मारलेलं इमल्शन असे थर असतात. तळहात भिंतीवर घासा. हाताला पांढरी भुकटी लागली तर तो थर काढल्याशिवाय पुढे जाता येत नाही. भुकटी लागली नाही तर कटरने फुलीसारख्या चार-पाच बारीक चिरा मारा, त्यावर सेलोटेप घट्ट दाबा आणि झटक्यात ओढा. टेपबरोबर पापुद्रा आला तर तो रंग भिंतीला धरून नाही. अशा भिंतीवर सिमेंटची पुट्टी ओढली की ती वरवर छान बसते. वाळताना ती आकसते, खालचा सैल थर घेऊन सुटते आणि पाच-सहा महिन्यांत पत्र्यासारखे तुकडे पडायला लागतात. मग लोक पुट्टीच्या कंपनीला शिव्या देतात.

म्हणून खरवडायचं, ओल्या फडक्याने पुसायचं आणि एक अख्खा दिवस सोडायचा. त्याच वेळी ओलीची परीक्षा उरकायची. जाड, स्वच्छ प्लॅस्टिकचा दीड-दोन फुटांचा चौकोन संशयित जागी चारही कडांनी टेपने हवाबंद चिकटवायचा आणि ४८ तास हात लावायचा नाही. काढल्यावर भिंतीकडची बाजू बघायची. थेंब तिथे असले, किंवा भिंतीवर तेवढाच चौकोन गडद दिसला, तर पाणी भिंतीतून येतंय. थेंब खोलीच्या बाजूला असले तर ती हवेतली वाफ, तिला खिडकी उघडी ठेवणं पुरतं. या परीक्षेतच तुमचे दोन दिवस संपले आणि रोलरला अजून हातही लागलेला नाही.

पुढची पुट्टी. पांढऱ्या सिमेंटच्या पुट्टीत किलोला साडेतीनशे ते चारशे मिली पाणी, नेमका आकडा पोत्यावर असतो. पाण्यात पुट्टी टाकायची, पुट्टीत पाणी नाही, आणि गुठळी राहणार नाही इतकी दहा मिनिटं घोटायची. एका वेळी दोन-तीन तासांत संपेल एवढीच भिजवायची. घट्ट व्हायला लागलेल्या पुट्टीत पुन्हा पाणी घालून चालवली की तिची ताकद जाते आणि पॉलिश पेपर लावताच ती पिठासारखी गळते. भिंत आधी हलकी ओली करायची, नाहीतर कोरडं प्लॅस्टर पुट्टीतलं पाणी शोषून घेतं. पहिला हात रात्रभर वाळवायचा, मग दुसरा. दोन्ही मिळून जाडी दीड मिलीमीटरच्या वर नको. त्यानंतर किमान एक दिवस, आणि मग १८० नंबरचा आणि शेवटी ३२० चा पेपर. नाका-तोंडावर मास्क पाहिजेच. भुकटी फडक्याने पूर्ण पुसल्याशिवाय प्रायमर (रंगाआधीचा पांढरा थर) लावायचा नाही, कारण भुकटीवर लावलेला प्रायमर भुकटीलाच चिकटतो. प्रायमर रात्रभर, मग रंगाचा पहिला हात, चार ते सहा तासांनी दुसरा. हे सगळे आकडे कोरड्या हवेतले. कोकणपट्टीच्या दमट हवेत सरळ दीडपट-दुप्पट धरा.

ओल्या पुट्टीवर रंग चढवला की काय होतं तेही लिहिते, कारण तुमच्या ‘झालं’ या शब्दात नेमकं हेच येतं. आतलं पाणी बाहेर पडायला बघतं आणि वरचा पडदा त्याला अडवतो. भिंतीवर उडदाएवढे फुगे येतात, काही ठिकाणी रंग गडद आणि शेजारीच फिका दिसतो. त्यावर तिसरा हात मारून हे झाकता येत नाही. पुन्हा खरवडणं, पुन्हा पुट्टी आणि पुन्हा पैसे. दोन दिवसांत ‘झालेली’ भिंत रंगवून झालेली असते, पण खरवडलेली नसते, असा माझा अंदाज आहे. मला शहाणपण शिकवण्याआधी पॉलिश पेपर हातात घेऊन एकदा एक भिंत पूर्ण घासून बघा.

आणि म्हणूनच वही. ‘यंदा घर चकाचक करायचं’ असं ठरवणाऱ्याचं काम पहिल्याच रविवारी अडतं, कारण सुरुवात कुठून करायची हे त्या वाक्यात कुठेच नाही. माझ्या रकान्यांत ‘रविवार संध्याकाळपर्यंत टीव्हीची भिंत खरवडून पुसून तयार’ असं असतं. ते झालं की नाही याला एकच उत्तर असतं. पहिला रकाना कामाचा, दुसरा तारखेचा आणि तिसरा वाट पाहण्याचा. तुम्ही ज्याला नाटक म्हणता तो हा तिसरा रकाना. वाट पाहणं कामाइतकंच ठळक लिहिलं नाही, तर नोकरी करणारा माणूस दुसऱ्या रविवारी घाईला येतो आणि ओल्यावरच हात मारतो. पैशांचंही यातच बसतं. पुट्टीचं पोतं ज्या आठवड्यात लागणार त्याच आठवड्यात आणायचं, उघडं पोतं दमट हवेत गोळा होतं. रंग प्रायमर वाळल्यावरच घ्यायचा, कारण मशीनवर छटा मिसळलेला डबा दुकानदार परत घेत नाही, आणि प्रायमरच्या पांढऱ्यावर बघितल्यावर निम्म्या लोकांचं मन बदलतं. खोलीचा माल मी लेखात चार हजारांत बसवला तो अशा टप्प्याटप्प्याच्या खरेदीमुळे.

तारीख कुठली निवडायची हाही त्याचाच भाग. नैर्ऋत्येचा पाऊस झोडपतो तो पश्चिम आणि दक्षिणेच्या भिंतींना, आणि मुंबईच्या बाजूने तो परततो साधारण ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात. दिवाळी लवकर आली तर या भिंती आतून वाळलेल्याच नसतात. तेव्हा दिवाळीआधीच्या यादीत फक्त आतल्या, दोन खोल्यांमधल्या भिंती ठेवा आणि पश्चिमेची भिंत जानेवारीवर टाका. पाहुण्यांना ती भिंत जुनी दिसेल, दिसू दे. प्लॅस्टिकखाली पाणी निघालं तर ती भिंत यादीतून बाहेर. बाहेरच्या भिंतीतून येणारं पावसाचं पाणी किंवा सामाईक नळाची गळती ही आदर्श उपविधींनुसार (सोसायट्यांच्या नमुना नियमांनुसार) गृहनिर्माण संस्थेची जबाबदारी आहे, त्यासाठी सेक्रेटरींना लेखी पत्र द्या. आतून वॉटरप्रूफ रंगाचा डबा ओतून पाणी थांबत नाही, ते बाजूला सरकून दुसरीकडे फुटतं.

मोकळा झालेला तो रविवार किचनच्या कपाटांना द्या. लोंबलेलं दार म्हणजे नवं दार असं कोणी सांगितलं तर आधी बिजागरी बघा. ऑटो हिंज, म्हणजे दार आपोआप ओढून मिटवणाऱ्या बिजागऱ्या, तीन प्रकारच्या असतात आणि त्यांच्या हाताला किती बाक (क्रँक) आहे त्यावरून ओळखतात. दार कपाटाची बाजूची फळी पूर्ण झाकत असेल तर झिरो क्रँक, दोन दारं एकाच फळीवर अर्धी अर्धी येत असतील तर आठ क्रँक, आणि दार चौकटीच्या आत बसत असेल तर पंधरा क्रँक. जुनी काढून दुकानात सोबत न्या. स्क्रूचं भोक मोठं झालं असेल तर फेविकॉलमध्ये बुडवलेल्या बांबूच्या काड्या ठोकून भरा, एक दिवस वाळू द्या, वर आलेलं टोक छाटा आणि त्यातच स्क्रू घट्ट करा. नवी बिजागरी त्याच जागी बसते, कारण ३५ मिलीमीटरचा कप बहुतेक सगळीकडे सारखाच असतो.

तुमचं ‘पुट्टीला चाळीस किलो कशाला’ हे वाक्य मी मुद्दाम वगळलं नाही, त्याला उत्तर आहे. ४०० चौरस फुटांना दोन हात, किलोला साधारण १० ते १२ चौरस फूट, म्हणजे ३३ ते ४० किलो. पण हे प्लॅस्टरपर्यंत खरवडलेल्या भिंतीचं गणित. जुनं इमल्शन टेपच्या परीक्षेत टिकलं असेल तर पूर्ण पुट्टी ओढायची नाही. फक्त खड्डे आणि भेगा अ‍ॅक्रिलिक पुट्टीने भरायच्या, त्याला पाच किलोचा डबा खूप झाला. हा फरक लेखात होता, पण एका ओळीत. ती ओळ वर आणली आहे.

भाडेकरूंसाठी वेगळा लेख आहे, तो वाचा. पसाऱ्याबद्दल तुम्ही म्हणता तसं असेलही, पण एका वेळी एकच भिंत असं मी चार वेळा लिहिलं आहे आणि ते वाचलं असतं तर हा प्रश्न आला नसता. लहान मूल घरात असेल तर एक गोष्ट मात्र काटेकोर पाळा. दारा-खिडक्यांवरचा जुना ऑइलपेंट कोरडा घासू नका. रंगातल्या शिशावर आपल्याकडे दशलक्ष भागांत ९० भागांची मर्यादा लागू झाली ती नोव्हेंबर २०१७ मध्ये, त्याआधीच्या रंगात शिसं असू शकतं. पाणी मारत वॉटर पेपरने (ओला वापरायच्या पॉलिश पेपरने) घासा, लगदा कागदावर गोळा करून टाका, आणि मूल तेवढे दिवस दुसऱ्या खोलीत किंवा आजीकडे.

रंगाऱ्यांच्या पोटाचा प्रश्न तुम्ही माझ्यासमोर ठेवलात याचं आश्चर्य वाटलं. छत, वायरिंग आणि शिडीवरून दहा फुटांच्या वरचं प्रत्येक काम कारागिरालाच द्या हे लेखाच्या पहिल्याच परिच्छेदात आहे. आणि दोन दिवसांत संपवून द्या म्हणून रंगाऱ्याच्या मागे लागणारं गिऱ्हाईकच त्याला ओल्या भिंतीवर हात मारायला लावतं, नंतर फुगे आले की पैसे कापतं. ते गिऱ्हाईक माझा लेख वाचून तयार झालेलं नाही.

तुमच्या घराची भिंत कोणत्या दिशेची आणि सध्या तिच्यावर काय आहे ते कळवलंत तर मापं काढून देईन. फक्त आधी प्लॅस्टिक लावून ४८ तास थांबा आणि थेंब कोणत्या बाजूला आले ते लिहा.