जुन्या दालनाला दोन हंगाम कशाला? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया सविस्तर आहे, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. गोव्यातलं, जांभ्या चिऱ्याच्या भिंती आणि कौलारू छप्पर असलेलं जुनं दालन दुरुस्त करून प्रदर्शनांसाठी पुन्हा खुलं करायचं, तर दोन कोरडे हंगाम हाताशी ठेवावेत, असं मूळ लेखात म्हटलं होतं. तुमचं म्हणणं असं की हा निव्वळ वेळकाढूपणा आहे, सिमेंटने हेच काम तीन महिन्यांत होतं. एसी न लावता दालन उघडणं म्हणजे चित्रांची आणि लोकांची हेळसांड. आणि एवढा खर्च करून जुनीच कौलं परत का चढवायची?

आधी वेळेचं बोलू. अशा दालनाची भिंत साधारण ६० सेंटीमीटर जाड असते. भिजलेली भिंत सुकायला दर २५ मिलिमीटरला एक महिना, हा या कामातला जुना ठोकताळा. दोन्ही अंगांनी वारा मिळाला तर प्रत्येक बाजूने ३० सेंटीमीटर सुकायचं, म्हणजे झाले बारा महिने. आपल्याकडे पाऊस ऑक्टोबरात ओसरतो आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा दारात असतो. मधल्या सात-आठ महिन्यांत बारा महिन्यांचं काम बसत नाही. मोठे पंखे आणि हीटर लावून भिंत घाईने सुकवली तर आतले क्षार भराभर पृष्ठभागावर येतात आणि नवा गिलावा तडकतो.

सिमेंट लवकर कडक होतं, हे खरं. पण चिरा सच्छिद्र असतो. जमिनीतली ओल त्यातून वर चढते आणि चुन्याच्या गिलाव्यातून उडून जाते. सिमेंटचा थर ही वाट बंद करतो. मग ओल आणखी वर सरकते आणि भिंतीत बसवलेल्या तुळयांच्या टोकांपर्यंत पोचते. टोकं आतून कुजतात, बाहेरून मात्र रंग ताजा दिसतो. अनेक दालनांत दुरुस्तीचा मोठा भाग म्हणजे आधीच्या दुरुस्तीचं सिमेंट काढणं, तेही छिन्नी-हातोडीने. ब्रेकर लावला की चिऱ्याचा दर्शनी भाग सोबत निघतो. जिथे सिमेंट चिऱ्याला घेऊनच सुटतंय, तिथे हात आवरावा आणि तेवढा तुकडा राहू द्यावा.

ओल येते कुठून, हे गिलाव्याआधी पाहायचं. ४०० चौरस मीटरच्या छपरावर एका पावसाळ्यात ३ मीटर पाऊस धरला तर १२ लाख लिटर पाणी पागोळ्यांतून भिंतीच्या पायाशी उतरतं. त्यात अंगणात पेव्हर घातलेले असतात, दर नूतनीकरणात थोडे उंच होत गेलेले, कधीकधी जोत्याच्या माथ्यापर्यंत. तिथे उडणारं पाणी भिंत दिवसरात्र पिते. म्हणून पहिलं काम बाहेरचं: जमीन आतल्या फरशीपेक्षा किमान १५ सेंटीमीटर खाली घ्यायची, भिंतीलगत अर्धा मीटर रुंद खडीचा पट्टा ठेवायचा, पन्हळीचं पाणी गटारापर्यंत न्यायचं. हे पहिल्या पावसाआधी झालं नाही, तर आतल्या गिलाव्यावर खर्च करू नये, असं माझं ठाम मत आहे.

मग चुना. कळीचा चुना भिजवून, गाळून, पाण्याखाली शक्य तर तीन महिने मुरवायचा. एक भाग चुना, तीन भाग धुतलेली वाळू. ओलसर जागी वाळूतला थोडा भाग विटांच्या भुग्याने बदलायचा. किनाऱ्यावरची वाळू अजिबात नको, तिच्यातलं मीठ पुढे वर्षानुवर्षं त्रास देतं. पहिला थर १० ते १२ मिलिमीटर, दुसरा ८ ते १०, वरचा जेमतेम ३. प्रत्येक थर ओल्या गोणपाटाखाली हळूहळू घट्ट होऊ द्यायचा. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पक्का होतो, त्याला एका मिलिमीटरला साधारण एक महिना लागतो. तुम्ही डिसेंबरमधल्या महोत्सवांचा उल्लेख केला आहे. पणजीत सेरेंडिपिटी हा कला महोत्सव २०१६ पासून होतो, जुन्या गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) इमारतीतही त्याची प्रदर्शनं लागली आहेत, आणि अशा वास्तू लोकांनी गजबजाव्यात हे मलाही मनापासून वाटतं. पण ऑक्टोबरात सुरू केलेला गिलावा डिसेंबरात जेमतेम दोन महिन्यांचा असतो. त्याला चिकटून प्लायवूडचे पडदे उभे केले की मागे बुरशी धरते. प्रदर्शन लावायचंच असेल तर पडदे भिंतीपासून १० सेंटीमीटर दूर, वरून-खालून उघडे ठेवावेत.

एसीचा मुद्दा मात्र नीट समजून घ्यायला हवा. मांडवीकाठच्या खाऱ्या वाऱ्याने भिंतीत मीठ साचलेलं असतं. हवेतली सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की ते विरघळतं, खाली आली की त्याचे स्फटिक होतात आणि छिद्रांच्या कडा फोडतात. जुलैत बाहेर ८५ टक्क्यांच्या पुढे असते. दिवसा एसी चालू, रात्री बंद, म्हणजे ही रेषा रोज दोनदा ओलांडली जाते, आणि भिंतीच्या तळाशी पांढरी पूड पडते. पणजीच्या मिनेझिस ब्रागांझा संस्थेत जॉर्ज कोलासू या पोर्तुगीज चित्रकाराची १९३५ची निळी अझुलेजो, म्हणजे झिलईदार चित्रफरशा, आहेत. तशा फरशांमागे असे स्फटिक वाढले तर झिलईच सुटून येते. शिवाय २० अंशांवर थंड केलेल्या काचेवर आणि चौकटींच्या पाठीवर पावसाळी हवेचं दव धरतं. त्यापेक्षा संथ पंखे, चोवीस तास चालणारी आर्द्रताशोषक यंत्रं, आणि कागदाच्या वस्तूंसाठी बंद पेट्या. पेटीच्या दर घनमीटरला सुमारे २० किलो सिलिका जेल, म्हणजे ०.२ घनमीटरच्या पेटीला ४ किलो. कागदावर प्रकाश ५० लक्सपर्यंतच. चित्रांच्या चौकटीमागे बुचाचे तुकडे लावून भिंतीपासून दोन-तीन सेंटीमीटर अंतर. लोकांना उकडतं, ही तक्रार रास्त आहे. त्यासाठी गाभ्यातल्या एखाद्या लहान खोलीत एसी लावून बसायची सोय करावी, पण तो चोवीस तास चालवावा.

कौलांचं उत्तर थोडक्यात. एक मंगलोरी कौल अडीच-तीन किलोचं, चौरस मीटरला पंधरा-सोळा लागतात. उतरवताना प्रत्येक कौल बोटांच्या पेरांनी वाजवून पाहतात. खणखणीत वाजलं तर ते अजून काम देईल, बद्द वाजलं तर बाजूला. नव्या कौलांच्या खाचा जुन्यांशी बरोबर जुळत नाहीत, म्हणून दोन्ही सरमिसळ न करता नवी एका उतारावर, जुनी दुसऱ्यावर चढवतात.

उघडण्याआधी एक पावसाळा दालन रिकामं ठेवून तापमान-आर्द्रतेची तासागणिक नोंद घ्यावी. भिंतीत ओल किती, हे टोचायच्या मीटरवर विसंबून ठरवू नये, क्षारांमुळे तो आकडा फुगवून दाखवतो. संथ ड्रिलने वेगवेगळ्या खोलीवरची पूड काढायची, लगेच वजन करायचं, १०५ अंशांवर सुकवून पुन्हा करायचं.

तुमची एक तक्रार मला पूर्णपणे पटते. दालन बंद असताना लोकांना काहीच कळत नाही. पत्र्याच्या कुंपणावर मोठा फलक हवा, आणि त्यावर उद्घाटनाच्या तारखेऐवजी भिंतीतल्या ओलीचा दर महिन्याचा आकडा लिहावा. तो उतरताना दिसला, की बंद दारामागे काम चाललंय की नाही हे कुणालाही तपासता येईल.