दोन रस्त्यांची सरमिसळ नको
महिला न्यायाधीशांवरच्या लेखात सर्वोच्च न्यायालयाच्या पहिल्या महिला न्यायाधीश फातिमा बीवी आणि दुसऱ्या सुजाता मनोहर यांना एकाच ओळीत बसवलंय, पण दोघींचे न्यायाधीशपदाचे रस्ते वेगळे. फातिमा बीवी खालून चढल्या: 1958 ला मुन्सिफ (सर्वांत खालच्या दिवाणी कोर्टाच्या न्यायाधीश), 1974 ला जिल्हा न्यायाधीश, 1983 ला केरळ उच्च न्यायालय, 1989 ला सर्वोच्च. तिथे तीन वर्षंही मिळाली नाहीत, कारण वय. सुजाता मनोहर वकिलीतून 1978 ला थेट मुंबई उच्च न्यायालयात गेल्या. आजही खालून येणाऱ्यांची सेवाज्येष्ठता मोजेपर्यंत निवृत्ती जवळ येते. उच्च न्यायालयात ती वयाच्या 62 ला.

म्हणून जळगाव-धुळे-नंदुरबारच्या मुलींनी आधी रस्ता ठरवावा. कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीश, म्हणजे खालून पहिली पायरी, व्हायचं, तर मे 2025 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर तीन वर्षं वकिली लागतेच. ती तात्पुरत्या सनदेच्या (वकील म्हणून पहिल्या नोंदणीच्या) तारखेपासून धरतात, त्यामुळे कायद्याच्या परीक्षेचा निकाल लागला की सनदेला उशीर नको. या वकिलीचा दाखला किमान दहा वर्षं वकिली झालेल्या वकिलाचा, त्यावर प्रमुख न्यायिक अधिकाऱ्याची सही.

घोळ होतो तो कागदावर. ज्युनिअर रोज कोर्टात उभी असते, वकीलपत्रावर (पक्षकार वकील नेमतो त्या कागदावर) मात्र फक्त सिनिअरचं नाव. मग केलेलं काम दाखवायचं कशावर? पहिल्या दिवसापासून वकीलपत्रावर आपलं नाव घालायला सांगा, रोजनाम्यात (कोर्टाच्या रोजच्या नोंदीत) हजेरी नोंदली का ते बघा. सिनिअर कुरकुरले तरी.

बाकी, जळगावच्या कोर्टात वकिली केलेल्या प्रतिभाताई पाटलांचा उल्लेख लेखात हवा होता. त्या 1962 ला आमदार झाल्या, म्हणजे तिसराच रस्ता.