अंतर पाहून फसू नका
‘सह्याद्रीत नियमित भटकणाऱ्याला फिमव्हर्दुहाल्स म्हणजे एका दिवसाची निवांत चाल’ हे आइसलंडमधल्या या डोंगरवाटेवरच्या लेखातलं वाक्य वाचून राहवलं नाही. साधारण २५ किलोमीटर आणि हजारेक मीटर चढ, आकडे खरे आहेत. पण आपला अंदाज दम आणि गुडघ्यांवरून बांधलेला असतो, तिथे खरी परीक्षा हवामान घेतं. स्कोगाफॉस धबधब्यापासून नदीकाठाने एकेक धबधबा बघत ऊन खात चढलो आणि वर दोन हिमनद्यांच्या मधल्या खिंडीत पोचेस्तोवर वारा, धुकं आणि आडवा पाऊस. जुलै असूनही बर्फाचे पट्टे होतेच. काळ्या राखेवर पायवाट अशी दिसतच नाही, एका खांबावरून पुढचा खांब शोधत जायचं. २०१०च्या ज्वालामुखीच्या उद्रेकात तयार झालेली दोन विवरं बघायला थांबायचं होतं, पण बोटं बधिर झाल्यावर कसला भूगोल अन् कसलं काय! हेल्यारकाम्बुरच्या अरुंद धारेवर साखळी आहे. आपल्याकडच्या गडांवर हात सरावलेला असेल तर तेवढं मात्र खरंच सोपं जातं.

आणि पलीकडे थोर्समर्कच्या खोऱ्यात, म्हणजे वाट संपते तिथे, उतरल्यावर परत कसं यायचं, हे लेखात कुठेच नाही. तिथे जाणाऱ्या रस्त्यावर पूल नसलेल्या नद्या आहेत, भाड्याची साधी गाडी तिकडे नेता येत नाही. उंच चाकांच्या बसचं तिकीट आधी काढा, किंवा तिथल्या झोपडीत मुक्काम ठरवा. बस चुकेल म्हणून धुक्यात पळत सुटणारी माणसं मी पाहिली आहेत.