ऑफ द रेकॉर्ड म्हणजे नेमकं काय?

काल वसमत रोडच्या कट्ट्यावर चहा यायच्या आधीच जुंपली. आमच्यातला एकजण तालुका वार्ताहर. त्याची बातमी मास्तरांनी मोठ्यानं वाचली: 'महसूल विभागातील एका कर्मचाऱ्याने ऑफ द रेकॉर्ड सांगितले की, सोयाबीनचे पंचनामे बांधावर न जाताच झाले.'

"ऑफ द रेकॉर्ड होतं तर छापलंस कामून?" मास्तरांनी विचारलं.

"नाव कुठं टाकलंय? नाव नाही म्हणजे ऑफ द रेकॉर्डच झालं की."

इथंच सगळा घोळ आहे, आणि मला तो लहान वाटत नाही. वकील मित्रानं नीट फोड करून सांगितलं. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेच्या व्याख्येनुसार ऑफ द रेकॉर्ड मिळालेली माहिती छापण्यासाठी वापरायचीच नाही. नाव न देता छापायचं असेल तर ते बॅकग्राउंड. त्या माणसाचं वर्णन किती द्यायचं, तेही त्याच्याशी ठरवायचं. त्याच्याही पुढं डीप बॅकग्राउंड: माहिती वापरा, पण कुणी दिली त्याचा उल्लेखच नको. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष निक्सन यांना भोवलेल्या वॉटरगेट प्रकरणाच्या वेळी, १९७२ पासून, एफबीआय या तिथल्या तपास यंत्रणेचा अधिकारी मार्क फेल्ट वॉशिंग्टन पोस्ट या दैनिकाचा बातमीदार बॉब वुडवर्डशी याच बोलीवर बोलायचा. त्याचं नाव उघड झालं २००५ साली, तेही त्यानं स्वतः कबूल केलं तेव्हा. बत्तीस-तेहतीस वर्षं शब्द पाळला म्हणायचा!

"ते अमेरिकेत," वार्ताहर म्हणाला. "आपल्याकडं लोक ऑफ द रेकॉर्ड म्हणतेत, पण त्यांना एवढंच म्हणायचं असतंय की नाव नको."

हा मुद्दा खरा आहे. मीही कित्येकदा तसंच ऐकलंय. पण मग 'नाव न छापण्याच्या अटीवर सांगितले' असं सरळ मराठीत लिहावं. आणि समोरच्याला तिथंच विचारावं, बोलणं सुरू व्हायच्या आधी. सगळं सांगून झाल्यावर कुणी 'हे ऑफ द रेकॉर्ड हं' म्हणलं, तर बातमीदार त्यानं बांधला जात नाही, असं वकिलाचं म्हणणं. नियमानं बरोबर असेल. पण रोज माईकसमोर उभा राहणारा पुढारी वेगळा आणि पहिल्यांदाच पत्रकाराशी बोलणारा साधा कर्मचारी वेगळा. त्याला आधी समजावून सांगणं हे बातमीदाराचंच काम, असं मला वाटतं.

मास्तरांनी पेपर पुढं सरकवला आणि बातमीतल्या गावाच्या नावावर बोट ठेवलं. "या गावाला महसूलची माणसं किती?"

"एकच तलाठी. कोतवालाची जागा रिकामी हाय."

कुणी काही बोललं नाही. चहावर साय धरली होती. वार्ताहरानं फोन काढला, उठून रस्त्याच्या कडेला गेला. आम्हाला एवढंच ऐकू आलं: "दादा, परवा तुम्ही ऑफ द रेकॉर्ड म्हणलात, ते नाव छापू नको म्हणून का बातमीच छापू नको म्हणून?"

परत आला तेव्हा उतरलेल्या तोंडानं म्हणाला, "छापूच नको म्हणत होते."