९३ टक्क्यांचा आकडा इथे लागू नाही

समुपदेशनात समोरच्याची देहबोली कशी वाचावी, यावरचा लेख आवडला, पण त्यातलं ‘संवादाचा ९३ टक्के भाग देहबोली आणि सुराचा’ हे वाक्य खटकलं. हा आकडा मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ च्या प्रयोगांतून आला. त्यांत सुटे शब्द, आवाजाचा सूर आणि चेहऱ्याचे फोटो वापरून आवड-नावड कशी कळते एवढंच तपासलं होतं. तासभराच्या समुपदेशनाला तो कसा लावणार?

हाताची घडी म्हणजे विरोध, हेही तसंच. खोलीतला एसी कडक असला तरी माणूस घडी घालतोच! आणि थोरामोठ्यांसमोर खाली बघून बोलायचं वळण आपल्याकडे आजही आहे. पाहायचा तो बदल. घडाघडा बोलणारी बाई नवऱ्याचा विषय निघताच अडखळते, ‘मला’ सोडून ‘माणसाला असं होतंच’ म्हणू लागते, किंवा मार खाल्ल्याचं हसत हसत सांगते. अर्थ मात्र आपण लावू नये. ‘हे सांगताना तुम्ही हसलात,’ एवढंच म्हणून थांबावं. पुढचं बहुतेक वेळा त्याच सांगतात.

टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन घेणाऱ्यांना तर चेहरा दिसतच नाही. नुसत्या आवाजावरून ते काय टिपतात, यावर लेखिकेने जरूर लिहावं.